पेव

चौसष्ट चाकांच्या ट्रेलरवरून आले ते.
नाल्याच्या पुलाशी दीड दिवस अडले,
मुरूम पडला, वळण रुंद झालं,
तेव्हा कुठे फाटकातून आत शिरले:
सहा पांढरे डबे,
माझ्या उपकेंद्राच्या यार्डात, तुरीच्या धुऱ्याला लागून.

डब्यांवर ओळखीची खूण.
माझ्या स्कूटरच्या कपाळावर आहे, तीच.
तीन वर्षांपूर्वी घेतली होती दारव्ह्याला, पोपटी रंगाची.
त्या शोरूममध्ये आता चष्मे मिळतात.

कंपनीचा कुलथे इंजिनिअर, चाकणकडचा,
माझ्याच बाटलीतलं पाणी पीत म्हणाला,
गाड्यांचं काही खरं नाही, मॅडम,
सबसिडी गेली की गिऱ्हाईक गेलं.
ह्या डब्यांचा मात्र करार आहे, बारा वर्षांचा.
मग धुळीने भरलेल्या दारावर
बोटाने काढली एक टेकडी दुपारची,
एक संध्याकाळची, जरा उंच.
इकडचं उचलायचं, तिकडे विकायचं.
बस्स, एवढाच धंदा.

दुपारचं संध्याकाळी!
हे तर आमच्या बोरखेडीत घरोघरी चालतं,
ताकात कुस्करून.

डबे बघायला सगळं गाव येऊन गेलं.
शेवटी आले दमडूजी कोडापे, काठी टेकत.
उमेदीत ते पेवात उतरायचे,
पाटलाची ज्वारी काढायला.
जाळीच्या पात्याला कान लावून
त्यांनी कुलथेला विचारलं,
"बापू, याच्यात वारा कोंडते का नाई?"
कुलथे सांगत बसला: सेन्सर आहेत, गॅस कळतो,
आग लागलीच तर आपोआप फवारा उडतो,
एक डबा पेटला तरी दुसरा पेटत नाही.
दमडूजींनी सगळं ऐकून घेतलं.
"म्हंजे कोंडते," म्हणाले.

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी दोरीने कंदील सोडायचा.
विझला, तर वरच बसून राहायचं, बिडी ओढत.
त्यांचा भाऊ बसला नव्हता.

मे महिन्यात डबे रात्रभर घुमत राहिले.
शेहेचाळीस अंशांत स्वतःला थंड ठेवायला
स्वतःचीच वीज खातात ते.
मी आकडा काढला, दोनदा काढला,
मग कुलथेला फोन केला.
तो म्हणाला, हे आम्ही धरलंय हिशेबात.
थोडं थांबून म्हणाला,
इतकं नव्हतं धरलं.

धावायला बनवलेली वस्तू
एका जागी उभी करून ठेवली की
तिच्या मनात काय येत असेल,
असलं काहीबाही सुचतं रात्रपाळीत.
लोक म्हणतात, आता याचंच पेव फुटणार,
वाशिमलाही येतायत, पुसदलाही,
शेअर घेऊन ठेव, सुकेशिनी.
माझ्याकडे एक स्कूटर आहे,
तिचे चार हप्ते बाकी.

पहिल्यांदा डबे उलटे वाहिले
तो मंगळवार होता, सात वाजून दहा मिनिटं.
गिरणी सुरू, दिवे सुरू, गावात कुणाचंच ओरडणं नाही.
एरवी ह्या वेळी मला शिव्या पडतात, नाव घेऊन.
त्या दिवशी कुणी फोनसुद्धा केला नाही.
जरा चुकल्यासारखं वाटलं.

लॉगबुकात या विजेला रकाना नव्हता.
ही वरून आली नव्हती,
आणि इथली म्हणावी तर दुपारीच येऊन बसलेली.
पट्टी लावून पेन्सिलने एक आखला,
डोक्यावर लिहिलं: पेव.
वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी ते खोडलं,
इंग्रजीत चार अक्षरं लिहिली, सही केली.
पेन्सिल अजून दिसते खालून.

कंपनी टिकेल का, मला विचारू नका.
बारा वर्षांनी हे डबे कोण उचलून नेणार,
हेही करारात कुठे सापडलं नाही मला,
असेल, बारीक अक्षरात.
सध्या एवढंच सांगू शकते:
बाहेर अंधार आहे, डबे घुमतायत,
माझी पोपटी गाडी त्यांच्या पलीकडे भिंतीच्या सॉकेटला लावलीय,
अकरा टक्क्यांवरून बावीसवर आली,
आणि तिचा इवलासा हिरवा दिवा
मी अधूनमधून जाऊन बघते,
विझला तर नाही.